काड्या दिसतात, पण फोन लागत नाही

धातूची कड असलेला स्मार्टफोन उजेडात जरा तिरपा धरला, की त्या कडेवर बारीक आडव्या रेघा दिसतात. वरच्या अंगाला एक-दोन, खालच्या अंगाला एक-दोन. तिथे धातू मुद्दाम कापलेला असतो आणि फटीत त्याच रंगाचं प्लास्टिक भरलेलं असतं. कव्हर चढवलं की रेघा झाकल्या जातात, म्हणून वर्षानुवर्षं फोन वापरूनही त्या कित्येकांच्या नजरेला पडत नाहीत. पडल्याच तर शोभेच्या वाटतात. खरं तर फोनला फोनपण आहे ते या रेघांमुळे. त्यांनी वेगळा पडलेला कडेचा तुकडा हा त्याचा अँटेना. त्याला हवी तेवढीच लांबी मिळावी आणि उरलेल्या धातूपासून तो सुटा राहावा, एवढ्यासाठी ती फट.

अँटेना उघड दिसायचे ते दिवस मला आठवतात. कौलांच्या वर बांबूला बांधलेला टीव्हीचा अॅल्युमिनियमचा सांगाडा, तो फिरवायला वर चढलेला दादा, अंगणात मधोमध उभी मी आणि आत टीव्हीसमोर आजी. “आलं का?” हा प्रश्न वरून खाली यायचा, मी तो आत पोचवायची, आणि आतून आजीचं “आलं, आलं... गेलं!” पहिल्यावहिल्या मोबाईलच्या डोक्यावरही काळा खुंट असायचा; काहींचा तर बोलण्याआधी ओढून लांब करावा लागायचा. 1999मध्ये नोकियाचा 3210 आला, अफाट खपला आणि अँटेना फोनच्या पोटात गेला. 2010मध्ये आयफोन 4ने त्याही पुढचं पाऊल टाकलं. त्याची पोलादी कड हाच अँटेना. पण डाव्या हातात तो सहज धरला, की तळव्याने खालच्या डाव्या कोपऱ्यातली फट बुजायची आणि रेंज उतरायची. तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने कडेभोवती बसवायची पट्टी लोकांना फुकट दिली. तेव्हापासून आपण अँटेनाच मुठीत धरून बोलतो आहोत, आणि बहुतेकांना ते ठाऊक नाही.

मलाही ते आईच्या फोनमुळे कळलं.

आमचं घर राजापूर तालुक्यात, दोन डोंगरांमधल्या खोलगट जागेत. टॉवर पलीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आणि मध्ये आंब्या-काजूंची दाट झाडी. अशा घरात रेंज सगळीकडे सारखी नसते. देवघरात ती नाहीच. स्वयंपाकघरात नाही. माजघरात असून नसल्यासारखी. पडवीच्या उत्तरेकडच्या खांबापाशी मात्र ती येते, आणि मागीलदारी विहिरीच्या कट्ट्यावर चांगली येते. पावसात झाडं भिजून जड झाली की खांबापाशी ती पातळ होते, मग छत्री घेऊन विहिरीवर जायचं. आईला हे सगळं पाठ आहे. थोडक्यात बोलायचं असलं तर खांब, सुखदुःखाचं बोलायचं असलं तर विहीर. माझा फोन वाजला की ती आधी “थांब हं” म्हणते, मग तिच्या चपलांचा आवाज येतो, दाराची कडी, वाळलेली पानं, आणि मग मोकळ्या हवेतला तिचा आवाज: “हं, बोल आता.” गावातल्या घराघरात रेंजचा असा एक नकाशा असतो, आणि तो कुणी कागदावर काढलेला नसतो. 2020च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेजं फोनवर आली, तेव्हा कोकणातली मुलं वह्या-पुस्तकं घेऊन सड्यांवर चढून बसली ती या ऐकीव नकाशाच्या भरवशावर.

मे महिन्यात आईच्या हातून फोन विहिरीच्या कट्ट्यावरून खाली जांभ्यावर पडला. काच फुटली, अर्धा पडदा काळा झाला. पुण्याला येणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर तिने तो माझ्याकडे धाडला आणि मी घराजवळच्या एका दुकानात दिला. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘फोल्डर’ बदलला, म्हणजे काच आणि डिस्प्ले मिळून एक नवा भाग बसवला. संध्याकाळी फोन हातात आला तो लखलखीत. बोट फिरत होतं, चित्र स्वच्छ होतं, नातवंडांचे फोटो जागच्या जागी होते. दुकानातूनच मी त्यावरून एक फोन लावला, तो लागला. चार दिवसांत फोन गावी पोचला, आणि शेजारच्या वहिनींच्या नंबरावरून आईचा फोन आला.

“अगो, काड्या दिसतात, पण फोन लागत नाही.”

पुढे कितीतरी वेळ मी या एका वाक्याशी अडून राहिले. ते तिने किती नेमकं सांगितलं होतं, हे मला नंतर समजलं.

दुरुस्तीनंतर रेंज गेली तर तपासाची एक शहाणी रीत आहे. बिनखर्चाचं आधी, उघडायचं सगळ्यात शेवटी. विमान मोड लावून अर्ध्या मिनिटाने काढायचा, म्हणजे फोन टॉवरचा शोध पहिल्यापासून घेतो. मग फोन बंद करून सिम बाहेर काढायचं, कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, परत घालायचं. दुरुस्तीच्या गडबडीत ते ट्रेमध्ये तिरपं बसलेलं असू शकतं. सेटिंगमध्ये नेटवर्कचा भलताच प्रकार निवडला गेला आहे का ते पाहायचं. जिओचं जाळं 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू झालं ते थेट 4जीवर. त्यात टूजी नाही, थ्रीजी नाही, तिथे कॉलसुद्धा डेटाच्या वाटेने जातो. असल्या सिमच्या फोनमध्ये व्हीओएलटीईचं बटण बंद राहिलं तर इंटरनेट चालतं आणि कॉल मात्र जात नाही. यातलं काहीच लागू पडलं नाही तर नेटवर्क सेटिंग रीसेट करायचं. त्यात वायफायचे पासवर्ड पुसले जातात, तेव्हा ते आधी लिहून ठेवायचे.

आईने हे सगळं विहिरीच्या कट्ट्यावर बसून केलं. वहिनींचा फोन स्पीकरवर ठेवलेला, स्वतःचा मांडीवर. ट्रे काढायला सेफ्टी पिन. मी म्हणायची ते ती मोठ्याने परत म्हणायची, मग करायची, मग “झालं” म्हणायची. तिला कशाची घाई नव्हती. मी तिला स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबायला सांगितलं.

“आकडा आला?”

“आला. लांबलचक आहे. वाचून दाखवू?”

“नको. आला, एवढं पुरे.”

तो 15 अंकी आयएमईआय, फोनची जन्मखूण. तो कोरा आला किंवा नुसती शून्यं आली, तर दुखणं खोल बोर्डात आहे असं समजायचं. आयफोनमध्ये ‘अबाउट’च्या पानावर मोडेम फर्मवेअरची ओळ रिकामी दिसली तर तिचाही अर्थ तोच. आईच्या फोनचा आकडा शाबूत होता.

मग सिमची अदलाबदल. आईचं सिम वहिनींच्या फोनमध्ये घातल्याबरोबर वाजलं. वहिनींचं सिम आईच्या फोनमध्ये गेलं आणि गप्प झालं. म्हणजे सिम निर्दोष, टॉवर निर्दोष. कसलंही यंत्र नाही, एक पैसा खर्च नाही, दोन बायका आणि एक सेफ्टी पिन, आणि संशय एकाच वस्तूवर येऊन थांबला. तपासातली ही पायरी मला फार आवडते. ती कुणालाही करता येते आणि तिच्यापुढे कुणाची बतावणी टिकत नाही.

आता आईचं ते वाक्य. काड्या दिसतात, पण फोन लागत नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या काड्या सांगतात ते फोनला टॉवर किती ऐकू येतो एवढंच. टॉवरला फोन ऐकू जातो की नाही, याबद्दल त्या अवाक्षर काढत नाहीत. 4जी फोनमध्ये टॉवरसाठी निदान दोन अँटेना असतात. मुख्य अँटेना बऱ्याच फोनमध्ये खालच्या कडेला, चार्जिंगच्या तोंडाजवळ. तो ऐकतो आणि बोलतोही. दुसरा वरच्या बाजूला, तो साधारणपणे नुसता ऐकतो. टॉवर उंचावर असतो आणि त्याचा आवाज दांडगा असतो. फोनला 4जीवर जास्तीत जास्त एक पंचमांश वॅटच्या आसपास शक्ती वापरता येते. खालच्या अँटेनाची वाट तुटली तरी वरच्याने टॉवर ऐकू येत राहतो, काड्या उमटत राहतात. फोन उत्तर देतो, ते मात्र बाहेर पडत नाही. उत्तर क्षीण पोचत असेल तर टॉवर त्याला जोर वाढवायला सांगतो, फोन जोर वाढवतो, तापतो, बॅटरी भराभर उतरते. अशा वेळी माणसं बॅटरीला दोष देतात आणि तीही बदलून घेतात.

फोन पुन्हा पुण्याला आला. ज्या दुकानात पडदा बदलला होता तिथे नेला तर तिथे काड्या भरलेल्या, कॉलही गेला. “इथे चालतोय की, मॅडम. तुमच्या गावाला टॉवरच नसेल.” मी सिमच्या अदलाबदलीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी फोन न उघडताच निदान बदललं. नेटवर्क आयसी उडाला, बोर्डाचं काम आहे, त्या पैशात थोडे घालून नवीन येईल. या उत्तराचा मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. उघडल्याशिवाय ‘बोर्ड गेला’ म्हणणं हे दुरुस्तीच्या धंद्यातलं सगळ्यात स्वस्त आणि गिऱ्हाइकाला सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे. बोर्ड बदलला की त्याच्याबरोबर आयएमईआय बदलतो, म्हणजे फोन कागदोपत्रीसुद्धा दुसराच होतो. आणि कुणी जुना आकडा नव्या बोर्डावर ‘लिहून’ देतो म्हणालं, तर तिथून उठावं. 2023च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे या आकड्याशी खेळणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे.

मग मी फोन घेऊन पुण्यातली तपकीर गल्ली गाठली. त्या गल्लीत शिरलं की बुधवार पेठेचा सगळा कोलाहल विजेच्या वस्तूंचा होतो. वायरींची भेंडोळी, बॅटऱ्या, रिमोट, टॉर्च, स्पीकरचे उघडे पडदे, आणि त्यातून वाट काढणारे हातगाडीवाले. एका अरुंद जिन्याने वर गेल्यावर खिडकीशी एक टेबल होतं. त्यावर उष्णता सोसणारी निळी मॅट, दिव्याचं भिंग, चिमट्यांची ओळ, स्पिरिटसारख्या वासाची बाटली, दात घासायचा जुना ब्रश. मॅटवर छोटे छोटे चौकोन आखलेले, आणि उघडलेल्या फोनचे स्क्रू ज्या त्या चौकोनात. हे चौकोन मला फार विश्वासाचे वाटले. फोनमधले स्क्रू दिसायला सारखे, लांबीला वेगळे असतात; मिलिमीटरच्या अंशाने लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर तो बोर्डाच्या आतल्या थरांत घुसून वाट कायमची तोडू शकतो.

तिथल्या तरुणाने फोन हातात घेतला, पण लगेच उघडला नाही.

“ताई, पडदा बदलायच्या आधी गावाला रेंज होती?”

“होती. व्यवस्थित होती.”

“पाण्यात पडला होता?”

“नाही. दगडावर.”

“पडल्यानंतर, पण दुकानात द्यायच्या आधी, फोन यायचे?”

“यायचे. पडदा काळा होता, पण ती चाचपडत उचलायची.”

“मग आयसी कशाला जाईल? उघडला तेव्हा काहीतरी सुटलंय.”

तीन प्रश्नांत त्याने जे गाठलं होतं, तेवढं ऐकूनच माझ्या जिवात जीव आला. आधी काय होतं, मग काय घडलं, त्यानंतर काय बदललं. जुने वैद्य नाडी पाहण्याआधी हेच विचारत असतील.

त्याने मागची बाजू हळूहळू तापवली, प्लास्टिकचं पातळ पातं कडेने फिरवलं आणि पाठ उचलली. पोटात एक काळी चपटी बॅटरी, वर मुख्य बोर्ड, खाली चार्जिंगचा लहान बोर्ड, ज्याला ते लोक सब-बोर्ड म्हणतात. दोन्हींना जोडणारी जेमतेम एक मिलिमीटर जाडीची काळी वायर बॅटरीच्या कडेने धावत होती. खालच्या अँटेनाने पकडलेलं सगळं या एवढ्याशा वायरीने वर जातं, आणि वरून बोलायचं ते हिच्यातूनच खाली येतं. तिच्या टोकाला सोनेरी मुलाम्याची गोल टोपी असते, ती बोर्डावरच्या खुंटीवर ब्लाउजच्या टिचबटणासारखी दाबून बसवायची. आईच्या फोनमध्ये ती टोपी खुंटीच्या शेजारी आडवी पडली होती. भिंगाखाली त्याने मला ते दाखवलं. पडदा बदलताना वायर बाजूला घेतली असणार, आणि बंद करताना ती परत बसवायची राहिली.

त्याने टोपी चिमट्याच्या टोकाने सरळ वर आणली आणि नखाने दाबली. टक् असा बारीक आवाज झाला. तिरपी दाबली तर टोपीची कड वाकते आणि मग ती कधीच घट्ट बसत नाही, असं तो म्हणाला. तो एवढ्यावर थांबला नाही. सब-बोर्डाचा एक स्क्रू जागेवर नव्हता, तो त्याने आपल्या डब्यातून जुळवून लावला. तिथला स्क्रू बोर्ड धरून ठेवतो आणि शिवाय बोर्डाला फ्रेमशी, म्हणजे अर्थिंगशी, जोडतो. तो नसला तर अँटेना अर्धाच काम करतो. कडेच्या धातूला टेकणाऱ्या सोनेरी पत्र्याच्या इवल्या स्प्रिंगा दबून सपाट झाल्या होत्या, त्या त्याने किंचित उचलल्या. एकीवर हिरवट डाग होता. “गाव समुद्राजवळ आहे का?” त्याने न बघताच विचारलं आणि तो डाग खोडरबराने घासून काढला.

या स्प्रिंगा, ही टोपी, हा स्क्रू मी पाहत होते, आणि आमच्या पडवीतल्या खांबाचा उलगडा होत होता. भारतात मोबाईलसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींमध्ये 850 मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर सुमारे 35 सेंटीमीटर लांब असते, 2300 मेगाहर्ट्झची 13 सेंटीमीटर. लांब लहर झाडीतून, भिंतींतून अधिक चांगली पार होते आणि डोंगराच्या कडेवरून थोडी वळतेही. खोलगट जागेतल्या घराच्या आत जी काही रेंज पोचते ती बहुतेक तिच्यामुळे. पण लहरीच्या साधारण पाव लांबीचा अँटेना लागतो, म्हणजे तिला नऊएक सेंटीमीटरची वाट हवी. आखूड लहरीला तीनएक सेंटीमीटर पुरते. फोनच्या आत लांब लहरीसाठी जागा जिकिरीने काढलेली असते आणि जोड थोडा सैल झाला की पहिला फटका तिला बसतो. म्हणून दुरुस्तीत काही बिघडलं, तर रस्त्यावर फोन चालतो आणि घरात शिरलं की मान टाकतो.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने नारायणगाव ओलांडताना मला नेहमी खोडदची आठवण होते. तिथे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाचे 30 तबकडीवजा अँटेना, 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेले. डोंगरांचा आडोसा आणि माणसांच्या रेडिओ-गोंगाटापासून दूर असणं, ही ती जागा निवडण्याची मोठी कारणं होती. कितीतरी कोटी वर्षांपूर्वी दूरच्या दीर्घिकांमधून निघालेले संकेत त्या तारांच्या जाळीवर पडतात आणि जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत जातात. ती थोरली तबकडी आणि आईच्या फोनमधली नऊ सेंटीमीटरची पट्टी यांचं काम तत्त्वाने एकच: ठरलेल्या मापाचा धातू लहरीसमोर धरायचा आणि त्यात उठलेला अतिसूक्ष्म कंप कुठेही न सांडता आत न्यायचा. तबकडी कितीही मोठी असो, आत नेणारा जोड सुटला तर तिचं आकाशही गेलं. एवढ्या अफाट श्रवणाचा भार शेवटी कुठल्यातरी इवल्या टोपीवर असतो, हा विचार मला धीराचा वाटतो. मोठ्या गोष्टी मोठ्याच कारणांनी बिघडतात असं नाही. म्हणून त्या पुष्कळदा हातासरशी सुधारतातही.

त्या तरुणाने फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीचं पान उघडून मला आकडा दाखवला. काड्यांपेक्षा तो खरा. उणे 76 डीबीएम. हे शक्तीचं माप; त्यात उणे 90 म्हणजे एका वॅटचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. फोनला एवढ्यावर काम भागवता येतं, यातच माणसाच्या कारागिरीची केवढी तरी कहाणी आहे. या मोजणीत दर दहा आकड्यांना शक्ती दहा पटींनी घटते. पुढे गावी गेल्यावर मी पडवीतल्या खांबापाशी पाहिलं तर उणे 112 होतं. तपकीर गल्लीतल्या त्या खिडकीत फोनला जे मिळत होतं, त्याच्या चार हजाराव्या भागावर आमच्या खांबाचा संसार चाललेला होता.

पडदा बदलला त्या दिवशी फोन दुकानात का चालला, ते मला इथे समजलं. शहरात लहरींची एवढी रेलचेल असते, की टोपी सुटलेली वायरसुद्धा शेजारच्या खुंटीला थोडंफार पोचवते आणि तेवढ्यावर कॉल लागतो. दोष असतो, पण समृद्धी त्याला पांघरूण घालते. जिथे मुळात थोडंच येतं तिथे तो उघडा पडतो, आणि पडतो तो ज्याच्याजवळ दुसरा इलाज नाही अशा माणसासमोर. फोन दुरुस्त होतात शहरांत, शहराच्या हवेत तपासले जातात, आणि मग एसटीने, टपालाने, कुणाच्या पिशवीतून सड्यापलीकडे जातात. तिथल्या म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपल्यालाच नीट वापरता येत नाही. आईनेही पहिल्या दिवशी मला हेच विचारलं होतं, “माझंच काही चुकतंय का गो?” तिचं काहीही चुकत नव्हतं.

पाठ चिकटवण्याआधी तो तरुण म्हणाला, “या, खाली जाऊ.” जिन्याच्या पायथ्याशी एक कोंदट खोली होती, रिकाम्या खोक्यांनी भरलेली. खिडकी नाही. “इथे कशीबशी रेंज येते. इथून लागला तर कुठूनही लागेल.” त्याने फोन माझ्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांगितला, कारण टेबलावर ठेवलेला फोन आणि मुठीतला फोन यांत फरक पडतो. मी वहिनींचा नंबर लावला. “थांब हं,” असं ओळखीच्या आवाजात ऐकू आलं. त्याने मला चालत चालत बोलायला लावलं, मग गप्प राहायला लावलं, आपला आवाज पलीकडे तुटतो आहे का ते आईला विचारायला लावलं. हे सगळं झाल्यावर मगच तो वर गेला आणि पाठ चिकटवली. मजुरी मागितली ती पडद्याच्या किमतीच्या मानाने अगदी थोडी. त्या फोनवर आई आजही बोलते.

पुष्कळ दुकानांत दुरुस्ती म्हणजे पडदा उजळणं. गिऱ्हाइकही तेच बघतं: बोट फिरतं ना, फोटो आहेत ना. ऐकणं-बोलणं दिसत नाही, म्हणून ते शेवटी राहतं किंवा राहूनच जातं. त्यात दुरुस्तीवाल्याचाच सगळा दोष आहे असंही मी म्हणणार नाही. चिकटवून बंद केलेले फोन, कंपनीने हाती न दिलेले नकाशे, बाजारात मिळेल ते सुटे भाग, आणि दर मॉडेलगणिक जागा बदलणारी ती वायर, एवढ्यावर त्याला निभवायचं असतं. काही हलके पडदे तर स्वतःच विद्युत खरखर करतात आणि अँटेनाच्या कानाशी गोंगाट घालतात; त्यात बसवणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी रेंज थोडी घटतेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022मध्ये ‘राइट टु रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. त्याचा खरा लाभ व्हायचा असेल तर दुरुस्तीची माहिती आणि अस्सल भाग खिडकीशी बसलेल्या त्या तरुणासारख्यांपर्यंत पोचले पाहिजेत. हात त्याचे तयार आहेतच.

तेव्हा फोन दुरुस्तीला द्याल, तर देण्याआधी आपल्या घरातल्या रोजच्या जागी उभं राहून सिमच्या पानावरचा तो उणे आकडा लिहून ठेवा. फोन गावाला राहणार असेल तर दुरुस्तीवाल्याला तसं आधी सांगा. खालची अँटेनाची वायर आणि सगळे स्क्रू बघून घ्या म्हणावं. परत घेताना वायफाय बंद करा, सिम घाला, दुकानाच्या बाहेर, जिन्याखाली, जिथे रेंज कमी असेल तिथे जाऊन एक फोन करा आणि पलीकडच्या माणसाला आपला आवाज नीट येतो का ते विचारा. आणि उघडून न पाहता कुणी नवा फोन घ्या म्हणालं, तर दुसऱ्या टेबलाशी जा.